बादलीच्या तळाचं पाणी

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूने नव्या सुनेला आधी गोठा दाखवला आणि मग भिंतीवरचा क्रूस. गोठा वाटेत होता म्हणून. मनात दुसरं काही नव्हतं. पण त्या घरात पुढे कायम तोच क्रम राहिला. गाईंचं आटोपल्याशिवाय देवाला कुणी भेटत नसे, आणि देवानेही कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

ही सून म्हणजे मावशी. तेव्हा ती कुणाचीच मावशी नव्हती, एक हाडकुळी, लाजाळू नसलेली मुलगी होती. पुढे सगळं गाव तिला मावशी म्हणू लागलं, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा, आणि म्हातारपणी नवराही. तिने विरोध केला नाही. विरोध करायला लागते ती सवड तिला पहिल्यांदा मिळाली ऐंशी उलटल्यावर. ती तिने कुठे खर्च केली, त्याची ही गोष्ट.

त्या पहिल्या दिवशी गोठ्यात सासूने तिला सांगितलं की कास कोमट पाण्याने पुसावी, लाथाळ गाईशी धार काढताना बोलत राहावं, आणि बादली कोरडी घेऊन गाईखाली कधी बसू नये.

"म्हणजे?" सुनेने विचारलं.

"म्हणजे तळाशी आधी थोडं पाणी असू द्यावं. कोरड्या बादलीला दूध चिकटतं."

मावशीच्या माहेरी चार गाई होत्या. तिथल्या बादलीला कधी दूध चिकटलं नव्हतं. ती काय समजायचं ते समजली. गावात काही संशयी गिऱ्हाइकं होती. ती म्हणत, आमच्या डोळ्यांसमोर धार काढा. सासू त्यांना गोठ्यात बोलवायची, दुखावल्या चेहऱ्याने बसायची आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धार काढायची. दूध येताना सगळे बघत. बादली येताना तिच्यात कुणी डोकावत नसे. रिकाम्या बादलीत काय बघायचं असतं?

सासू लबाड होती असं मात्र म्हणता येणार नाही. ती रोज चर्चमध्ये मिस्सेला जायची. गावातल्या पोरांना धर्मशिक्षण द्यायची. मोठी पापं कोणती, किरकोळ कोणती, हे ती कांदे निवडावेत तसं निवडून दाखवायची, आणि दुधातलं पाणी तिच्या दोन्ही ढिगांत नसायचं. पैसे ती दुधाचे घेत होती. पाणी वरून देत होती.

मावशीला मुलं होत गेली. त्या काळी मुलं होत जात, बटाटे काढता काढता, कपडे वाळत घालता घालता. सात जणांचा बाप्तिस्मा चर्चमध्ये रीतसर झाला. सगळी पाणी डोक्यावर पडताच बोंबलली, म्हणजे पाणी लागू पडलं. आठव्याची गोष्ट वेगळी. तो क्रमाने चौथा.

आठवा महिना होता. संध्याकाळच्या धारेला मावशी बादली घेऊन बसली, सड हातात घेतले, जेमतेम दोन-चार धारा मारल्या आणि पोटात कळ आली. ती तिथेच गवतावर घसरली. सासू धावत आली, तिने मावशीच्या नवऱ्याला डॉक्टरकडे पिटाळलं. डॉक्टर यायच्या आत मूल आलं. निळसर होतं. ओली काडी ओढावी तसा श्वास घेत होतं. ठिणगी पडायची, पेट घेत नव्हतं.

जीव जाणार असं दिसलं तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, हे सासूला पक्कं ठाऊक होतं. तीच पोरांना शिकवायची. पाणी ओतायचं आणि ठरलेले शब्द म्हणायचे. शब्द तिला झोपेतही येत होते. पाणी विहिरीत होतं आणि विहीर अंगणाच्या पलीकडे. हाताशी बादली होती. तिने ओंजळ बुडवली, बाळाच्या कपाळावर तीनदा ओतली, एकही शब्द न चुकता सगळं म्हटलं. बाळाने आणखी काही श्वास घेतले आणि सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारे फादर आले. ते स्वयंपाकघरात बसले. शेजारच्या खोलीत मावशी तापाने फणफणत पडली होती. दार अर्धवट उघडं होतं.

"बाप्तिस्मा कुणी दिला?" फादरनी विचारलं.

"मी," सासू म्हणाली.

"पाणी कुठून घेतलंत?"

सासूने खोटं सांगितलं नाही. खोटं बोलणं तिच्या मोठ्या ढिगात होतं. "दूध घेतलं, फादर. बादली जवळ होती."

दुधाने बाप्तिस्मा होत नाही. याला अपवाद नाही, दूध कितीही चांगलं असो. मग फादर हळूच म्हणाले, "बाई, नीट आठवून सांगा. त्या दुधात पाणी होतं का? पुष्कळ असेल तर विचार करता येईल."

याहून मोठं दार कुणी कुणासाठी उघडं ठेवू शकत नाही. त्यातून एक अख्खं मूल आत आलं असतं.

"पाणी?" सासू म्हणाली. "फादर, दूध आमच्या घरचं आहे."

बाळाला सिमेट्रीच्या भिंतीबाहेर पुरलं. बाप्तिस्मा न झालेल्यांची तीच रीत होती. भिंत कमरेएवढी, दगडांची; आत कबरी, बाहेर गवताचा पट्टा, आणि त्याला लागून मावशीचं बटाट्याचं शेत. खड्डा नवऱ्याने खणला. त्या खड्ड्यापासून पणजोबांची कबर एवढी जवळ होती की त्यांनी पाय लांब केले असते तर पणतवाला लागले असते. मध्ये फक्त भिंत होती.

अंगात ताकद आल्यावर मावशीने नवऱ्याला गाठलं. "बादलीत पाणी होतं. आई नेहमी घालतात."

"मला माहीत आहे," नवरा म्हणाला.

"मग सांगा ना फादरना."

"काय सांगू? माझी आई दुधात पाणी घालते?"

"त्या दिवशी दुधात पाणी नव्हतं, पाण्यात दूध होतं. मी धार काढलीच कुठे?"

"ते तर आणखी वाईट दिसेल," नवरा म्हणाला आणि कुंपण दुरुस्त करायला गेला. ते कुंपण त्याने त्या वर्षी पुष्कळदा दुरुस्त केलं.

मग मावशीने स्वतःच्या डोक्याने एक गोष्ट केली. ती चूक अशी होती की ती मिस्सेला जाणाऱ्या माणसाच्याच हातून होऊ शकते. शनिवारी ती पापनिवेदनाला गेली, जाळीपुढे गुडघे टेकले आणि म्हणाली, "फादर, सासूबाई बादलीत आधीच पाणी घालतात."

"बाळ, तू तुझी पापं सांग," जाळीपलीकडून आवाज आला. "सासूची सासू सांगेल."

"त्या दिवशी बादलीत पाणीच होतं, फादर. वर चार धारांचा फेस होता, बस."

पलीकडे इतकी शांतता झाली की मावशीला वाटलं, फादरना झोप लागली. मग ते म्हणाले, "हे तू मला इथे का सांगितलंस?"

तिला वाटलं, रागावले. फादरला सांगायची गोष्ट फादरला सांगायच्या जागी सांगितली, यात राग कसला? त्यांनी तिला क्षमा दिली. कशाबद्दल, हे दोघांनाही कळलं नसावं. ती घरी आली आणि वाट बघत राहिली.

काहीच झालं नाही. फादर दुधाचं भांडं घेऊन अंगणात यायचे, जरा रेंगाळायचे.

"मावशी, काही सांगायचंय?"

"सांगितलं ना, फादर."

घराला कुलूप आणि किल्ली आत टेबलावर राहिलेली, असा माणूस खिडकीतून बघतो तसे ते तिच्याकडे बघायचे. मग भांडं उचलून जायचे. हे वर्षानुवर्षं चाललं. मावशीने त्यांना मनातल्या मनात दगडाच्या काळजाचा म्हातारा ठरवलं आणि ते वारले तेव्हा ती इतरांबरोबर रडली, पण मोजून.

तिची एक मुलगी मठात गेली. सुटीवर घरी आली की ती आईबरोबर मटार सोलायला बसायची. मावशी तिला सिस्टर म्हणायची, अर्धं कौतुकाने, अर्धं चिडवायला. एकदा असंच सोलता सोलता मावशीने तो शनिवार सांगितला. सिस्टरचे हात थांबले.

"आई, तिथे ऐकलेलं त्यांना वापरता येत नाही. कुणाला सांगता येत नाही, त्यावरून काही करता येत नाही. जीव गेला तरी."

"मग त्यांनी म्हणायचं ना, बाहेर येऊन सांग."

"अंगणात येऊन विचारत होते ते, तेवढंच त्यांच्या हातात होतं. तेसुद्धा जरा जास्तच होतं."

मावशीने आणखी काही शेंगा सोलल्या. "आणि हे तू मला आता सांगतेस."

"तू विचारलंस कधी?"

"मग त्या जाळीच्या कपाटाचा उपयोग काय ते सांग, सिस्टर. आत टाकलेलं बाहेरच येत नसेल, तर त्यापेक्षा माझं कोठीघर बरं."

सिस्टरने क्रूसाची खूण केली आणि मटारचं टोपलं जवळ ओढलं.

सासू म्हातारी झाली, अंथरुणाला खिळली. मावशीने तिचं सगळं केलं; भरवणं, पुसणं, कूस बदलणं. कधी तरी विषय काढायचा म्हणून ती पलंगाशी बसायची आणि म्हणायची, "आई, ती बादली..." सासू लगेच उशीखालून जपमाळ काढायची. प्रार्थना सुरू झाली की मध्ये बोलायचं नाही, हे तिनेच शिकवलं होतं. ती गेली त्या दिवशी तिचे शेवटचे शब्द होते, "बादली घासली का?" घरच्यांनी फादरना सांगितलं की तिने शेवटी देवाचं नाव घेतलं. कबर मिळाली चर्चच्या दाराजवळ, सासऱ्यांच्या शेजारी, सावलीत.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी मावशी पहिल्यांदा कोरडी बादली घेऊन गाईखाली बसली. आठवड्याभरात गिऱ्हाइकांची कुरकुर सुरू झाली. सासूबाईंच्या हातची चव राहिली नाही, म्हणे.

पुढची वर्षं लांबलचक आणि सारखी होती, नांगरलेल्या शेतासारखी. नवरा गेला. मुलं पांगली. एकदा शिरगणतीवाला आला, पायरीवर बसून म्हणाला, "मुलं किती?"

"सात आत, एक बाहेर."

"बाहेर म्हणजे परदेशी?"

"नाही हो, भिंतीच्या पलीकडे," मावशीने हाताने दाखवलं. त्या माणसाने काय लिहिलं कोण जाणे.

थोरल्याने धंदा वाढवला. गोठ्याच्या जागी डेअरी आली, दोन टेम्पो आले, दारावर पाटी आली: तीन पिढ्यांचं शुद्ध दूध. मावशीने पाटी खालून मान वर करून वाचली. "पहिली पिढी वगळ," ती म्हणाली. थोरला हसला नाही. त्याला गोष्ट माहीत होती. बापाने मरताना धंद्याबरोबर तीही हवाली केली होती, झाकून ठेवायची म्हणून.

आणि मग त्याच्याच टेम्पोने, मागे घेता घेता, सिमेट्रीची भिंत पाडली. ड्रायव्हर म्हणाला, आरशात दिसली नाही. नेमकी त्या गवताच्या पट्ट्यापाशी भिंत आडवी झाली आणि आतबाहेर असं काही उरलं नाही. मावशी काठी टेकत तिथे गेली, उभी राहिली आणि घरी येऊन थोरल्याला म्हणाली, "भिंत आता पुढे सरकवून बांधायची. मी रविवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे."

"काय सांगणार आहेस?"

"बादलीचं."

थोरला खुर्चीवर बसला. "आई, बाहेर पाटी लावलीय मी. लोक दूध घ्यायचे बंद होतील."

"शेजारच्या गावात विक."

"आजीची अब्रू जाईल."

"आजी आत आहे. सावलीत आहे. तिला काय होतंय."

"इतकी वर्षं गप्प राहिलीस ना?"

"राहिले," मावशी म्हणाली. "आता कंटाळा आला."

रविवारी मिस्सेनंतर सभागृहात बैठक भरली. तरुण फादर नवे होते, मोटरसायकलवर फिरत, आणि बैठका लवकर उरकायच्या हा त्यांचा एक चांगला गुण होता. भिंत होती त्याच जागी बांधायची, खर्च डेअरीचा, असं ते वाचून दाखवत होते तेवढ्यात मावशी उठली. पुढच्या खुर्चीची पाठ धरून तिने सगळं सांगितलं: बादली, पाणी, चार धारा, ओंजळ. आवाज चढवला नाही. संपल्यावर तिने मान वर केली आणि गाव काय म्हणतं त्याची वाट बघितली.

शिंपीकाका खाकरले. "मावशी, आमच्या घरी त्या दुधाला निळं म्हणायचे. निळं आलं का, असं."

कुणीतरी फस्सकन हसलं.

"आमची आई म्हणायची, तान्ह्याला हेच द्या, वेगळं पाणी घालायला नको," निवृत्त मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि मग सगळेच हसले. थोरला बुटांकडे बघत राहिला.

चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा मागच्या बाकावरून बोलला. "म्हाताऱ्या फादरना मीच कॉफी करून द्यायचो. दूध घालताना म्हणायचे, आज विहीर गोड लागतेय."

पुन्हा हशा झाला. मावशी हसली नाही. तिने शिव्यांची तयारी केली होती, थुंकण्याची केली होती, डेअरी बुडण्याची केली होती. हसण्याची नव्हती. घराण्याने अर्ध्या शतकाहून जास्त काळ छातीशी धरलेलं गुपित सगळ्यांनी रोज सकाळी उकळून प्यायलं होतं.

"मग बोलला का नाहीत कुणी?" ती म्हणाली. "तेव्हा?"

हसणं विरलं. खुर्च्या करकरल्या.

"तुमच्या सासूबाईंना कोण बोलणार, मावशी," शिंपीकाका म्हणाले. "आणि दूध दुसरीकडे मिळत नव्हतं."

तेव्हा तरुण फादर पुढे आले. "मावशी, आता तसं मानत नाहीत. अशी बाळं देवाच्या दयेत असतात. तुम्ही निश्चिंत राहा."

"दयेत असेल, फादर. माझं म्हणणं आहे की ते भिंतीच्या बाहेर आहे."

"मी बिशपना लिहितो."

"लिहा. पण पाणी होतं, एवढं लिहा. दया दुसऱ्या कुणाला तरी द्या; गरजू पुष्कळ आहेत. त्याचा बाप्तिस्मा झालाय."

सोमवारी गवंडी आला. त्याने पडलेले दगड एका बाजूला रचले, दोरी काढली आणि विचारलं, "कुठून कुठे?" फादर होते, थोरला होता, मावशी काठीवर हनुवटी टेकून एका दगडावर बसली होती.

"जुन्या रेषेवर," फादर म्हणाले. "बिशपचं उत्तर येईपर्यंत."

"सरळ बांधली तर लवकर होईल," गवंडी म्हणाला. "वाकवली तर दगड जास्त लागेल. मला दोन्ही चालतं."

तो थोरल्याकडे बघत होता. दगड त्याच्या खिशातून येणार होता. त्या दिवशी सकाळी डेअरीवर नेहमीएवढीच गिऱ्हाइकं आली होती. एकीने फक्त विचारलं होतं, आजचं जाड की पातळ, आणि दोन पिशव्या घेऊन गेली होती. थोरल्याला रात्रभर झोप नव्हती आणि गावाला काहीच झालं नव्हतं. त्याने वाकून दोरीची खुंटी उपटली.

"आई, नक्की कुठे?"

मावशीने काठी उचलून दाखवलं. बटाट्यांच्या प्रत्येक हंगामात ती त्या जागेकडे बघत आली होती. चुकायचा प्रश्न नव्हता. थोरल्याने त्या जागेच्या पलीकडे, शेताच्या बांधाला चिकटवून, खुंटी ठोकली.

"अहो, पण उत्तर..." फादर म्हणाले.

"उत्तर येईपर्यंत सिमेंट सुकेल, फादर," गवंडी म्हणाला.

फादरनी दोरीकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, मग घड्याळाकडे. एका आजारी माणसाला भेटायला जायचं राहिलंय, असं ते म्हणाले. संध्याकाळी येऊन बघतो. गावात त्या आठवड्यात आजारी कुणी नव्हतं. मोटरसायकलला त्यांनी दोनदा किक मारली.

भिंत झाली. सरळ चालत येते, त्या जागेपाशी पोट पुढे काढते आणि पुन्हा सरळ होते. बाहेरगावचे लोक विचारतात, गवंडी प्यायला होता का. बिशपचं उत्तर आलं. त्यात दया भरपूर होती, पाण्याचा उल्लेख नव्हता. फादरनी ते मावशीला वाचून दाखवलं नाही. येऊन त्या जागेवर प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडलं. मावशी शेवटपर्यंत उभी राहिली. कुणी खुर्ची आणली, तिने ती फादरना दिली.

सगळे गेल्यावर ती काठी टेकत चर्चच्या दाराकडे निघाली. सासूची कबर गवताने भरली होती. मावशी येऊन शेजारची सासऱ्यांची कबर साफ करायची, तिच्या पलीकडची नवऱ्याची करायची. सासूच्या गवताला तिने आजवर हात लावला नव्हता. ते सिस्टर सुटीत येऊन काढायची.

"सांगितलं सगळ्यांना," मावशी म्हणाली. "कुणी काही म्हणालं नाही, आई. हसले नुसते."

दगडावर एक मुंगी अक्षरांच्या खाचेतून वाट काढत चालली होती. मावशी तिच्याकडे बघत राहिली.

"तुम्ही सांगितलं असतं तरी हसलेच असते."

एवढं झाल्यावर तिला खरं तर घरी जायचं होतं. पण ती वाकली, एक काडी उपटली, मग दुसरी. गवत जुनं होतं, मुळं खोल गेली होती. एकेक हिसडा द्यावा लागत होता. डोक्याकडची बाजू मोकळी झाली. मग गुडघे बोलायला लागले. मावशीने हात पदराला पुसले, काठी शोधली आणि उरलेलं गवत तसंच ठेवून ती घराकडे वळली. पायांकडचं उद्या बघू, ती म्हणाली. म्हातारी कुठे पळून जात नव्हती.